रंगावरची चऱ्यांची जाळी आणि पहिलंच मशीन पॉलिश : सातारा-सांगलीच्या गाडीवाल्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्याने पॉलिशिंग मशीन अजून हातात धरलेलं नाही, पण स्वतःच्या गाडीचा रंग स्वतःच दुरुस्त करायचा आहे, त्याच्यासाठी ही उत्तरं आहेत. घाई असेल तर टेस्ट स्पॉट (आधी एका छोट्या चौकोनावर करून बघणं) आणि कडांचे प्रश्न तरी वाचा. नवख्याचं नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

सावलीत गाडी चकाचक दिसते, पण उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं. हे काय आहे?

क्लिअर कोटवरचे अतिशय बारीक चरे. त्यांना स्वर्ल म्हणतात. ते गोल दिसतात, पण खरं तर सगळ्या दिशांना गेलेले साधे चरे असतात. सूर्याचं किंवा टॉर्चचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती जे चरे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च हलवली की वर्तुळंही तिच्याबरोबर सरकतात.

रंगाचे थर खालून वर असे : पत्रा, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. सगळं पॉलिशिंग या एवढ्याशा थरात चालतं. हा थर एकदा गेला की परत येत नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवरून निघतात.

गाडी रोज पुसतो, तरी चरे येतात कसे?

रोज पुसता म्हणूनच येतात. कोरड्या गाडीवर कोरडा फडका फिरला की मधली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते. फडका सुती आहे की महागडा मायक्रोफायबर, याने फारसा फरक पडत नाही. लांब दांड्याचा मेणाचा मॉपही तेच करतो, शिवाय आधीची सगळी धूळ तो पोटात साठवून ठेवतो.

आपल्याकडे या धुळीचे प्रकारही बरेच आहेत. कास, बामणोली, महाबळेश्वरच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती; माण-खटावला उडणारा कोरडा फुफाटा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्याची राख आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी गाडीवर बसते. ही काजळी बोटाने सहज सरकते, त्यामुळे मऊ वाटते आणि माणूस हाताने झटकतो. तिच्याबरोबर आलेले राखेचे खरखरीत कण मात्र तेवढ्यात आपलं काम करून जातात. तासगाव, कवठेमहांकाळकडे द्राक्षबागेजवळ गाडी लावली तर फवारणीतल्या बोर्डोचे निळसर पांढरे ठिपके पडतात. त्यात मोरचूद आणि चुना असतो. वाळलेला चुना कोरडा घासला तर चरे नक्की. विसर्जनाची किंवा विजयाची मिरवणूक झाली की गुलाल, जत्रेत भंडारा. तोही आधी पाण्याने उडवून काढायचा असतो.

वॉशिंग सेंटरवर बघायची गोष्ट एकच : चाकं ज्या स्पंजने घासली तोच बॉनेटवर येतो का, आणि खाली पडलेला स्पंज न धुता परत वापरला जातो का. तसं असेल तर नुसत्या प्रेशरच्या पाण्याने आणि फोमने धुवून घ्या, बाकी हात घरी लावा.

रबिंग-पॉलिश आणि हे एकच का?

मूळ तत्त्व एकच. क्लिअर कोटचा वरचा एक-दोन मायक्रॉन थर घासून काढायचा, म्हणजे चऱ्याची दरी उथळ होत होत सपाट होते. चरा भरून निघत नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग खाली येतो.

फरक पद्धतीचा आहे. गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश म्हणून जे होतं, त्यात बहुधा रोटरी (नुसतं गोल फिरणारं) मशीन, लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, असतं. चरे पटकन जातात, पण नीट फिनिशिंग केलं नाही तर त्यांच्या जागी उन्हात हलणारे चमकते पट्टे उरतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. काही पॉलिशमध्ये तेलकट भराव असतो. तो चरे झाकतो, आणि दोन-चार धुण्यांत जाळी जशीच्या तशी वर येते. गाडी घेताना सुंदर आणि महिन्याने पुन्हा तशीच, असं झालं असेल तर रंग दुरुस्त झालाच नव्हता, झाकला गेला होता.

माझ्या गाडीला पॉलिश चालेल का?

आधी नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवं, हळू फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा गोल होऊन तो कमी दिसेल, एवढीच अपेक्षा ठेवा. चऱ्याच्या तळाशी पांढरा किंवा करडा प्रायमर दिसत असेल तर तिथे टचिंगच लागतं.

पेंट थिकनेस गेज मिळाला तर उत्तम. डिटेलिंगवाल्याकडून किंवा जुन्या गाड्या तपासणाऱ्याकडून तासाभरासाठी मिळू शकतो. कंपनीचा रंग बहुतेक गाड्यांवर एकूण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास दाखवतो. एखाद्या पॅनलवर ८०-९० दिसलं तर तिथे फक्त फिनिशिंग पॉलिश, जाड कंपाउंड नाही. २०० च्या वर गेलं तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. हजाराच्या घरात आकडा आला तर खाली पुट्टी, म्हणजे आपली लांबी आहे. गेज एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट किती उरलाय हे सांगत नाही, त्यामुळे जाड आकडा बघून निर्धास्त होऊ नका. साधे गेज धातूवरच चालतात. प्लास्टिकच्या बंपरवर आकडा मिळत नाही.

जुन्या सॉलिड रंगाच्या काही गाड्यांना क्लिअर कोट नसतोच. कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर ती सिंगल स्टेज. पॉलिश चालतं, पण पॅडही रंगतो. घाबरून जाऊ नका. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल आणि रंग भट्टीत न भाजता हवेवर वाळवला असेल तर किमान महिनाभर थांबा. मॅट रंगाला कधीच पॉलिश करायचं नाही. टप आणि बॉनेटवर रंगाचे पापुद्रे निघून पांढुरके डाग पडले असतील तर क्लिअर कोट संपलेला आहे. तिथे मशीन फिरवण्यात अर्थ नाही, पॅनल रंगवावाच लागेल.

सुरुवातीला कुठलं मशीन घ्यावं?

डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन पॉलिशर. याचा पॅड गोल फिरतो आणि त्याच वेळी थोडा बाजूला हेलकावतो, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. दाब वाढला तर पॅड फिरायचा थांबतो आणि रंग वाचतो. हा त्याचा दोष वाटतो, नवख्यासाठी तोच सगळ्यात मोठा गुण.

हेलकाव्याच्या मापाला थ्रो म्हणतात. ८ मिमी थ्रो हळू काम करतो. २१ मिमी सपाट बॉनेटवर झपाट्याने काम करतो, पण दाराच्या वळणावर अडखळतो. पहिलं मशीन १५ मिमीचं, ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती) आणि साडेपाच इंची पॅड, ७०० ते ९०० वॉट. वेगाचं चाक १ ते ६ पर्यंत हवं. पिलर आणि आरशांसाठी ३ इंची प्लेट नंतर घेता येते.

रोटरी नको का? वाईट नाही, अनुभवी हातात ती फार चांगलं काम करते. पण कडेवर दोन सेकंद जास्त थांबली तर खालचा प्रायमर दिसतो.

घरात ग्राइंडर आहे. त्यालाच पॅड लावला तर?

अजिबात नको. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पॉलिशिंगची रोटरीसुद्धा साधारण ६०० ते ३,००० मध्ये चालवतात. ग्राइंडरवर पॅड फाटून उडतो, आणि त्याआधीच रंग जळतो. ड्रिलला लावायचे पॅड तितके घातक नाहीत, पण डगमगतात आणि जाळीच्या जागी नवी जाळी देतात.

पॅड, कंपाउंड, कापड : नेमकं किती घेऊ?

एका हॅचबॅकसाठी हिशेब असा धरा. मध्यम फोमचे, म्हणजे पॉलिशिंग पॅड ४; मऊ फिनिशिंग पॅड २; मायक्रोफायबर किंवा कडक फोमचा कटिंग पॅड १-२, तोही टेस्ट स्पॉटला गरज दिसली तरच. एकाच पॅडवर अख्खी गाडी करायला जाऊ नका. पॅड गरम होतो, कंपाउंडने भरतो, आणि दुपारपर्यंत काप देणं, म्हणजे थर घासणं, बंद करतो. मग माणूस दाब वाढवतो आणि तिथून गाडी बिघडायला लागते.

एक मध्यम पॉलिश आणि एक बारीक पॉलिश पुरतं. मेन्झर्नाच्या मालिकेत २५०० मध्यम आहे, ३८०० फिनिशिंगचं, ४०० जाड कापाचं. मेग्वायर्समध्ये एम १०५ जाड आणि एम २०५ बारीक. कुठल्याही एका कंपनीची जोडी घ्या. अख्खी हॅचबॅक एकदा पूर्ण करायला ६० ते १०० मिलि लागतं, म्हणून २५० मिलिची बाटली सुरुवातीला भरपूर झाली.

कापडं मात्र जास्त घ्या : ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), शिवण नसलेल्या कडांची किमान १२. खाली पडलेलं कापड त्या दिवसापुरतं बाद. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धागे बुळबुळीत होऊन पुसण्याचं काम करेनासे होतात.

याशिवाय मास्किंग टेप, नायलॉनचा जुना मऊ ब्रश, चांगली एलईडी टॉर्च, चष्मा आणि मास्क.

पॉलिशआधी नुसतं धुणं पुरेल का?

नाही. धुवून वाळलेल्या बॉनेटवर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. वाळूसारखं खरखरीत लागलं तर रंगात कण रुतलेले आहेत. ते पॅडमध्ये आले तर पॉलिश करता करता नवे चरे पाडतात.

क्रम असा ठेवा. आधी भरपूर पाण्याने माती उडवा, मग शांपूने धुवा. खालच्या बाजूचे डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. कापड ओलं करून ठिपक्यावर मिनिटभर धरा, घासू नका. मग सावलीत, थंड पत्र्यावर आयर्न रिमूव्हर. ब्रेकचे आणि रुळांवरचे लोखंडाचे कण त्याने जांभळे होऊन ओघळतात. मिरज जंक्शनच्या आसपास रोज गाडी उभी असेल तर हा जांभळा ओघळ चांगलाच दिसेल. वाळायच्या आत धुवून टाका.

शेवटी क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. १०० ग्रॅमच्या वडीतला अर्धा तुकडा घ्या, हातावर चपटा करा, शांपूच्या पाण्याने पॅनल निसरडा ठेवून हलकेच सरळ रेषेत फिरवा. आवाज आणि खरखर थांबली की पुढे सरका. दर पॅनलला क्ले मळून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्या, कितीही जीवावर आलं तरी. क्लेने हलके चरे पडतात, म्हणून क्ले फक्त पॉलिशच्या आधी.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पॉलिशने जातील?

अर्धे जातील. पाणी वाळून वर बसलेला क्षार असेल तर त्याला पॉलिश लागतच नाही. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समान घ्या, थंड पॅनलवर कापडाने एक-दोन मिनिटं ओलं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. बोर्डोचे ठिपकेही असेच सुटतात. त्यानंतरही बोटाला न लागणारी पण नजरेला दिसणारी कड उरली तर डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेला आहे. उथळ असेल तर मध्यम पॉलिशने जाईल, खोल असेल तर राहू द्या.

टेस्ट स्पॉट म्हणजे काय? तो टाळता येईल का?

टाळू नका. बॉनेट किंवा डिकीच्या सपाट भागावर टेपने ४० बाय ४० सेंमीचा चौकोन आखा. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करा : बारीक पॉलिश आणि फिनिशिंग पॅड. चार फेऱ्या, पुसणं, टॉर्चने बघणं. जाळी गेली नाही तर पॅड मध्यम करा. तरी नाही तर मध्यम पॉलिश. कटिंग पॅड शेवटी. जिथे समाधानकारक निकाल मिळाला तीच जोडी अख्ख्या गाडीला वापरायची.

कुठल्या कंपनीचा रंग कडक आणि कुठल्याचा मऊ, याची चर्चा फार चालते. त्यावर विसंबू नका. एकाच कंपनीच्या दोन रंगांतही फरक पडतो, आणि मधला एखादा दरवाजा रंगवलेला असेल तर त्याचं वागणं अगदीच वेगळं. चौकोनाला अर्धा तास जातो, पण अख्खी गाडी चुकीच्या जोडीने करून पुन्हा करण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

आणि १०० टक्क्यांचा हट्ट सोडा. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचे १० पैकी ७-८ चरे गेले की तिथे थांबा. उरलेल्या दोनांसाठी जेवढा क्लिअर कोट खर्च होतो, तेवढा पहिल्या आठांना मिळूनही होत नाही.

मशीन प्रत्यक्षात कसं चालवायचं?

पहिल्यांदा भंगारातून आणलेल्या जुन्या बॉनेटवर तासभर हात बसवा. मिस्त्रींकडे बदललेले पॅनल पडलेले असतात, मागितले तर मिळतात.

नव्या पॅडच्या अख्ख्या पृष्ठभागावर बोटाने पातळ पॉलिश चोळून घ्या. त्यानंतर दर भागाला वाटाण्याएवढे ३-४ थेंब पुरे. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवा आणि चौकोनभर ठिपके उमटवा. मग १ नंबरवर सुरू करून पसरवा. हवेत चालू केलं तर पॉलिश काचेपासून भिंतीपर्यंत उडतं.

आता वेग ४ ते ५. हात सेकंदाला ३-४ सेंमी सरकवा. ४० सेंमीची ओळ संपायला दहा-बारा सेकंद लागले पाहिजेत. नवख्याला हे कंटाळवाणं वाटतं आणि तो कपडे इस्त्री केल्यासारखा भराभर हात मारतो. मग चरे जात नाहीत. पुढची ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवा. आडवा चौकोन पूर्ण झाला की उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. अशा चार फेऱ्यांना एका चौकोनाला चार-पाच मिनिटं. शेवटच्या फेरीत दाब काढून घ्या, फक्त मशीनच्या वजनावर चालवा.

दाब किती? मशीनचं स्वतःचं वजन अडीच-तीन किलो असतं. घरातल्या वजनकाट्यावर जाडसर कापड टाकून बंद मशीन टेकवा आणि काटा ५-६ किलो दाखवेपर्यंत दाबा. हातात बसलेली तीच जाणीव बॉनेटवर वापरा. दारावर मशीनचं वजन मदत करत नाही, तिथे पूर्ण दाब हातानेच द्यावा लागतो, म्हणून दारं अर्धवट राहतात.

बंद करताना आधी बटण, पॅड थांबू द्या, मग उचला. दर चौकोनानंतर पॅड कोरड्या ब्रशने झाडा. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा.

मशीन थरथरतं, पण चरे जात नाहीत. काय चुकतं?

पॅड फिरत नाहीये. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेष मारा. काम करताना ती रेष सावकाश फिरताना दिसली पाहिजे. थांबली असेल तर दाब जास्त आहे, किंवा मशीन तिरकं धरलंय, किंवा वळणावर पॅडची एकच बाजू टेकतेय. मशीन सपाट करा, दाब थोडा सोडा, वेग अर्ध्या नंबरने वाढवा. तरीही फिरत नसेल तर पॅड कंपाउंडने चिंब झालेला असतो, बदला.

पॉलिश पटकन वाळतं, पांढरी पूड उडते आणि पुसायला जड जातं.

तीन कारणं दिसतात. पत्रा गरम आहे, पॉलिश फार कमी किंवा फार जास्त पडलंय, किंवा तुम्ही ते पूर्ण वाळेपर्यंत घासताय. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. अशा दिवशी उन्हातून आत आणलेली गाडी निदान दोन तास सावलीत थंड होऊ द्या आणि काम पहाटे सुरू करा. चौकोन लहान करा, ३० बाय ३० सेंमी. पॅडवर साध्या पाण्याचा एक बारीक फवारा चालतो. वाळून घट्ट बसलेला थर जोराने पुसू नका. त्यावर ताज्या पॉलिशचा थेंब फिरवला की तो सुटतो.

जाळी गेली, पण आता धुरकट दिसतंय. कुठे कुठे शेपटीसारखे वेटोळेही आहेत.

धुरकटपणा कटिंग पॅडचा किंवा जाड कंपाउंडचा असतो, विशेषतः मऊ रंगावर. घाबरू नका, फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश, वेग ३-४, हलका दाब, दोन-तीन फेऱ्या, चमक येते.

शेपटीसारखी वेटोळी मात्र पॅडमध्ये कण अडकल्याची खूण आहे. तो पॅड लगेच काढा. तसाच पुढे गेलात तर प्रत्येक चौकोनावर तेच नक्षीकाम होईल. कण कुठून आला तेही शोधा : फटीतली माती, न झाडलेला पॅड, खाली पडलेलं कापड किंवा वाऱ्याने आलेली काजळी.

टेप कुठे लावायचा? आणि कडांबद्दल एवढं का सांगतात?

पॅनलच्या कडांवर आणि बॉनेटच्या उंच रेषांवर रंग पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब नेमका त्या बारीक रेषेवर येतो. म्हणून कडा आणि धारदार रेषांवर टेप लावा, सगळं झालं की टेप काढून फिनिशिंग पॉलिशने हाताने एक-दोनदा फिरवा. दाराच्या आणि बॉनेटच्या फटीपासून पॅडचा मध्य आत ठेवा.

काळं प्लास्टिक, रबरी बीडिंग, बोधचिन्ह, वॉशरचे नोझल यांनाही टेप हवा. खरबरीत काळ्या प्लास्टिकमध्ये पांढरं कंपाउंड वाळलं की निघता निघत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर वेग एक नंबर कमी आणि फेऱ्या कमी, कारण पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही.

उष्णता मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर पृष्ठभाग ५० अंशांच्या खाली ठेवा. नसेल तर हाताची मागची बाजू टेकवा; तीन सेकंद सहन झाली नाही तर दुसऱ्या पॅनलवर जा.

लाइट गेली किंवा व्होल्टेज कमी झालं तर?

पॉलिश ओलं असतानाच पुसून घ्या आणि बटण बंद करा. बटण चालूच राहिलं तर लाइट आल्यावर मशीन बॉनेटवरून उडी मारतं. कमी व्होल्टेजला मशीन मंदावतं, पॅड फिरत नाही. अशा वेळी नंबर वाढवत बसू नका, थांबा. एक्स्टेंशनची वायर जाड घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा.

किती वेळ धरू? कुठला महिना बरा?

हॅचबॅकवर असे ४५-५० चौकोन होतात. एका टप्प्याच्या, म्हणजे एकाच पॅड-पॉलिशच्या जोडीच्या, कामाला नवख्याचे सहा-सात तास, धुणं आणि क्ले धरून पूर्ण शनिवार-रविवार. दोन टप्पे करायचे तर एका दमात करू नका. एका दिवशी बॉनेट-टप, दुसऱ्या दिवशी बाजू.

दिवाळीनंतरची थंडी हवामानाच्या दृष्टीने उत्तम, पण तेव्हाच कारखाने सुरू असतात. कारखान्याच्या पट्ट्यात राहत असाल तर बंद शेड हवीच, नुसती ताडपत्री राख अडवत नाही. फरशीवर आधी पाणी मारून घ्या म्हणजे धूळ बसते. पावसाळ्यात बंद जागेत पॉलिश होतं, फक्त नंतर लावायचं कोटिंग दमट हवेत नीट बसत नाही.

काळ्या गाडीवर पहिला प्रयोग करावा का?

दुसरी गाडी उपलब्ध असेल तर नको. काळ्यावर प्रत्येक चूक दिसते. पांढऱ्यावर बरंच खपतं, पण तिथे चरे गेले की नाही हेच कळत नाही. टॉर्च तिरपी धरून बघा.

टूथपेस्टने चरे जातात म्हणतात.

एखादा उथळ चरा पुसट होईल. पण तिचे कण रंगासाठी बनवलेले नाहीत, आणि जिथे घासाल तिथे मातकट ठिपका उरेल. खोबरेल, रॉकेल, डिझेल यांनी चरा फक्त ओला होऊन दिसेनासा होतो आणि पुढची धूळ घट्ट चिकटते.

चरे खरंच गेले की तेलाखाली लपले, हे कसं कळणार?

मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीन भाग, असं मिश्रण स्प्रेमध्ये भरा. हलका फवारा मारून स्वच्छ कापडाने पुसा आणि टॉर्चने बघा. ग्लिसरीन असलेलं सॅनिटायझर चालणार नाही. ही पाहणी टेस्ट स्पॉटला करायची आणि वॅक्स किंवा कोटिंग लावायच्या आधी अख्ख्या गाडीवर.

नंतर वॅक्स लावू की सिरॅमिक?

आपल्या उन्हात वॅक्स महिना-दोन महिने टिकतं, चांगलं सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) चार-सहा महिने. पहिल्या वेळी सीलंटच लावा : लावायला सोपं आणि चुकलं तर पुसता येतं. सिरॅमिक कोटिंग टिकतं, पण वेळेत न पुसलेला पट्टा कडक बसतो आणि तो काढायला पुन्हा पॉलिशच लागतं. कोटिंगच्या डब्यावर ९ एच हा कडकपणाचा आकडा लिहिलेला असला तरी कोरडा फडका मारला की चरे येणारच.

असं पॉलिश वर्षातून किती वेळा करावं?

वर्षाचा हिशेबच करू नका. पूर्ण पॉलिश दोन-तीन वर्षांत एकदा, तेही जाळी पुन्हा डोळ्यात भरली तरच. मधे धुण्याची पद्धत बदला : दोन बादल्या, एकीत शांपू, एकीत नुसतं पाणी; आधी माती उडवायची, मग मायक्रोफायबर मिट (धुण्याचा हातमोजा) वरून खाली, दर पॅनलनंतर साध्या पाण्यात खंगाळून. चाकांचं कापड वेगळं. पुसताना मोठा टॉवेल पसरून टिपा, रगडू नका. रोजची धूळ तशीच राहू दिली तरी रंगाचं काही बिघडत नाही.

वापरलेले पॅड परत वापरता येतात का?

येतात. त्याच दिवशी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून चोळा, पिळू नका, दाबून पाणी काढा. फोम खाली आणि वेल्क्रो वर, असे सावलीत वाळवा; पाणी वेल्क्रोच्या गोंदाकडे उतरत नाही. फोमचा मध्य खचला किंवा वेल्क्रो सुटायला लागला की पॅड संपला.

दसऱ्याला पूजेत बॉनेटवर हळद-कुंकू लागतं. ते कसं काढायचं?

पूजा नेहमीसारखी करा, फक्त स्वस्तिक काढताना बोट हलकं टेकवा, कुंकवात कण असतात. हार सरळ बॉनेटवर टाकण्याऐवजी ग्रिलला बांधा. वाऱ्याने हाराची तार किंवा दोरा रंगावर घासतो. नारळाचं पाणी उडालं असेल तर ते साखरेमुळे चिकटतं, म्हणून त्याच संध्याकाळी गाडी धुवा. कुंकू कोरडं पुसू नका. आधी पाण्याच्या धारेने उडवा, मग शांपूच्या पाण्यात भिजलेलं कापड डागावर दोन मिनिटं ठेवून उचला. पिवळी छटा उरली तर वरच्याच आयसोप्रोपिलच्या मिश्रणाने टिपा, आणि तेवढ्या जागी सीलंटचा हात पुन्हा द्या.